चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

मी प्रश्नावली क्रमांक दोनशे बारा बोलतेय. आठ पानं, बत्तीस प्रश्न आणि डाव्या कोपऱ्यात एक पिन. हसू नका. "आत्ता वेळ नाही" म्हणून माझ्या किती बहिणींना तुम्ही दारातूनच परत पाठवलंय, ते मला चांगलं ठाऊक आहे.

विद्यापीठाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एका सकाळी आम्ही चारशे बहिणी जन्मलो. आम्हाला घडवलं एका सरांनी. आपल्यासारख्या गरीब देशात कायदे पुस्तकात ढीगभर असतात, पण साधी माणसं तिथवर पोचतात का, आणि पोचत नसतील तर अडतात कुठे, हा त्यांचा जन्माचा विषय. एकदा घरोघरी जाऊन विचारायचं, सहा महिन्यांनी त्याच घरी पुन्हा विचारायचं, आणि मधे काय बदललं ते मोजायचं, अशी त्यांची पद्धत. म्हणून माझ्या पहिल्याच पानावर ठळक छापलं होतं : 'उत्तर सुचवू नये. सल्ला देऊ नये.' आपणच पाणी ढवळलं तर ते आधीपासून गढूळ होतं की नाही हे कळणार कसं, असं सर म्हणत. मला ते अगदी पटायचं.

माझी हौस एकच. सरांच्या पुस्तकात जायचं. एखाद्या तक्त्यात पाव टक्का म्हणून का होईना!

मला घेऊन निघाली सरांची एक विद्यार्थिनी. ज्या घरी जाई तिथे तिला ताई म्हणत. एका सोमवारी दुपारी ती एका इमारतीच्या तळमजल्यावर, काजबटणवाल्या मावशींच्या खोलीत शिरली. शिवलेल्या शर्टांना काजं करून बटणं लावून द्यायची, हे मावशींचं काम. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. खोलीत एक मशीन, एक पलंग आणि कमरेएवढा शर्टांचा ढीग. मावशींनी ढीग सरकवून ताईला बसायला जागा केली आणि हात न थांबवता उत्तरं द्यायला लागल्या.

माझा चौदावा प्रश्न आला. "एखाद्या वादात तुम्ही कधी कायद्याची मदत घेतली आहे का?"

"छे गं बाई! कोर्टात चोर जातात. मी काय कुणाचं चोरलंय?"

ताईने 'नाही'वर खूण केली. छान चाललं होतं. तेवढ्यात मावशींचं लक्ष ताईच्या बाहीकडे गेलं.

"अगं, बटण लोंबतंय की तुझं. थांब, लावून देते." त्यांनी पत्र्याचा डबा घेतला आणि सगळी बटणं पलंगावर ओतली. डब्याच्या तळाशी गंज लागू नये म्हणून एक घडी केलेला कागद घातला होता. त्यावर कोर्टाचा शिक्का होता.

ताईने तो उलगडून वाचला. घरमालकाने खोली खाली करून मागितली होती. तारीख होती गुरुवारची.

"मावशी, हे काय?"

"ते होय? कोर्टाचा माणूस घेऊन आला होता. सही केली मी. मिटलं ते."

ताईने कागदाकडे पाहिलं, मग माझ्या पहिल्या पानाकडे पाहिलं. खरं सांगते, गप्प बस गं बाई, पंधरावा प्रश्न घे, असं मी मनात घोकत होते. मावशींची खोली जाईल हे मलाही कळत होतं, तरी मला माझ्या पाव टक्क्याची पडली होती. आज त्याची लाज वाटते.

ताईने पेनाला टोपण लावलं. "मावशी, सहीने काही मिटलं नाही. कागद मिळाला, एवढ्याचीच ती सही. गुरुवारी गेला नाहीत तर तुमचं न ऐकताच निकाल लागेल आणि खोली जाईल."

मावशींचे हात पहिल्यांदाच थांबले. "मग मशीन कुठे ठेवू मी?" एवढंच त्या म्हणाल्या.

कोर्टाच्या आवारात फुकट वकील कुठे मिळतो, सोबत कुठले कागद न्यायचे, सगळं ताईने दोनदोनदा समजावलं. आणि निघताना माझ्या समासात लिहिलं : 'मी सल्ला दिला.' लिहिलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी समास वाचला. "ही धरता येणार नाही. सहा महिन्यांनी या बाई कोर्टात गेलेल्या दिसतील, त्या आपल्यामुळे."

"सर, न सांगता मला उठवेचना हो तिथून."

"मलाही उठवलं नसतं. मीही सांगितलं असतं, आणि मीही रद्दच केली असती." सरांनी माझ्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ मारली. पुस्तक निघालं तीनशे नव्व्याण्णवांचं.

मावशी मात्र गुरुवारी गेल्या. मग तारखांवर तारखा, दीड वर्ष हेलपाटे. पण खोली राहिली. निकालाचे पेढे मागायला म्हणून ताई आली, तेव्हा तिने मला मावशींच्या हातात दिलं. "हे तुमचंच आहे. रद्दीत कशाला?" तेव्हापासून मी आणि निकालाचा कागद, दोघं बटणांखाली राहतो.

परवा पुन्हा दार वाजलं. नवी मुलगी, नवी कोरी प्रश्नावली. माझीच धाकटी बहीण म्हणा ना! प्रश्न तेच. चौदावा येताच मी डब्यात कान टवकारले. सांगा आता मावशी, ठणकावून सांगा!

"कायद्याची मदत? छे गं बाई," मावशी म्हणाल्या. "एक मुलगी आली होती, तिची घेतली."

नवी मुलगी हसली आणि तिने 'नाही'वर खूण केली.

मला इथून ओरडता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. कधी अशी प्रश्नावली घेऊन कुणाच्या घरी गेलात, तर त्या खुणेआधी जरा थांबा. त्यांना बटणांचा डबा उघडायला सांगा. मी तिथेच आहे, अगदी तळाशी.