माझ्या जागी आलेली बाई

त्या मंगळवारी ह्यांनी मला 'अहो' म्हटलं. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, 'अगं'च्या पुढे गाडी कधी गेली नव्हती. मी चहा दिला तर दोन्ही हातांनी, सांडू न देता कप घेतला आणि म्हणाले, "अहो बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात? आमची ही येईलच इतक्यात."

मला वाटलं, चेष्टा करतायत. ह्यांनी जन्मात कधी चेष्टा केली नाही, पण माणसाला आशा असते. म्हटलं, "अहो, मीच ही." तर मला पायापासून केसांपर्यंत नीट न्याहाळलं आणि समजूत काढल्यासारखं म्हणाले, "दिसता अगदी तिच्यासारख्या. पण ती एवढं हळू बोलत नाही."

आता हसावं की रडावं? मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि रडले.

पार्किन्सन्स होऊन नऊ वर्षं झाली होती. हे पुस्तकं बांधायचे. वाचनालयांतली फाटकी, पानं सुटलेली पुस्तकं यायची आणि ह्यांच्या हातून धडधाकट होऊन जायची. आधी सुईत दोरा ओवता येईना, मग शर्टाची बटणं लावता येईनात. तेवढं आम्ही पचवलं. गेल्या वर्षी सोफ्यावर दोन पाहुणे येऊन बसायला लागले. मला सोफा रिकामा दिसायचा, ह्यांना मात्र त्यांच्या कोटाचे रंगसुद्धा दिसायचे. पाहुणे काही मागत नसत, कुणाला नावं ठेवत नसत. माझ्या नणंदेच्या मानाने फारच बरे. म्हणून मी कुठे बोलले नाही. तिथेच चुकलं माझं.

डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त-लघवी तपासली, दुसरा कसला संसर्ग नाही ना ते बघितलं. मग म्हणाल्या, "हात-पाय मोकळे ठेवणाऱ्या ज्या गोळ्या आहेत ना, त्यांच्यामुळेही असे भास होतात. त्यातली एक कमी करू. पण फार कमी केल्या तर हे जागेवरून हलणार नाहीत. म्हणून संध्याकाळी ही एक छोटी गोळी. हिच्यासाठी दर आठवड्याला रक्त तपासायचं, टाळायचं नाही. आणि भासावरची दुसरी कुठलीही गोळी कुणाच्या सांगण्यावरून द्यायची नाही, शरीर लाकडासारखं होईल."

"ओळखतील ना मला?" मी विचारलं.

"बहुतेक ओळखतील. दोन-चार आठवडे धीर धरा."

गोळी घेऊन घरी आलो. संध्याकाळी मी पाण्याचा पेला भरला, गोळी तळहातावर घेतली, आणि हे बोलायला लागले.

इथे माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी तीस वर्षं एका मोठ्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होते. दिवसभर लोकांचं ऐकायचं आणि दोन वाक्यांत पुढे जोडून द्यायचं. घरी ह्यांनी तोंड उघडलं की मी म्हणायचे, "थोडक्यात सांगा." हे इतकं थोडक्यात सांगायला लागले की शेवटी सांगेनासेच झाले. लेक लग्न होऊन लांब गेल्यावर तर घरात फक्त घड्याळ बोलायचं.

आणि आता हे समोरच्या परक्या बाईला सांगत होते, "आमची ही कचेरीतली पाळी संपवून उशिरा यायची. मी जागाच असायचो हो. पण झोपेचं सोंग घ्यायचो. तिला वाटायला नको की आता ह्याच्याशीही बोलावं लागणार."

गोळी माझ्या हातातच राहिली. मी खुर्ची ओढून बसले.

"आणि राग!" हे हसले. किती वर्षांनी हसले! "तिचा राग म्हणजे उतू जाणारं दूध. फुस्स करून वर येतं आणि लगेच खाली बसतं. पण ती चिडली ना, की फार छान दिसते. हे तिला सांगायची सोय नाही, आणखी चिडेल."

मी गोळी परत डबीत टाकली. म्हटलं, आजचा एकच दिवस. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. लेकीने फोनवर विचारलं, "आई, गोळी सुरू केलीस ना?" मी म्हटलं, "केली की." तोंड वर करून म्हटलं. असे पाच दिवस गेले. नवरा मला ओळखत नव्हता आणि मी नव्या नवरीसारखी संध्याकाळची वाट बघत होते. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

सहाव्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालून आत आले तर दार सताड उघडं. धावत सुटले. चौकात, रस्त्याच्या अगदी मधोमध हे उभे होते. पाय जमिनीला खिळलेले, एकाच पायात चप्पल, दोन्हीकडून गाड्यांचे भोंगे. इस्त्रीवाला हात आडवे धरून गाड्या थांबवत होता.

"काकू, काका तुम्हालाच शोधायला निघालेत म्हणे!" तो म्हणाला.

ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला म्हणाले, "बाई, ती रागावून गेली हो. मी तिच्याशी बोलायचो नाही, म्हणून गेली. तिला शोधून द्या."

त्या संध्याकाळी पहिली गोळी दिली.

एकदाही चुकवली नाही त्यानंतर. दर आठवड्याला रक्त दिलं. पाहुणे आधी दोनाचे एक झाले, मग तोही यायचा थांबला. चौथ्या आठवड्यात एका सकाळी हे म्हणाले, "अगं, चहात साखर विसरलीस." मी इतकी आनंदले की साखरेऐवजी मीठच घालणार होते.

पण तेवढंच. त्यानंतर पुन्हा घड्याळ. मी समोर बसायचे, म्हणायचे, "बोला ना काहीतरी." तर, "काय बोलू?" एकदा धीर करून विचारलं, "मी पाळीवरून यायचे तेव्हा झोपेचं सोंग घ्यायचात ना?" हे ओशाळले. "आजारात काहीबाही बरळलो असेन," म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

मला त्या बाईचा हेवा वाटला. खरंच सांगते, स्वतःचाच हेवा वाटला.

मग एका संध्याकाळी मी बाहेर जाऊन दार लोटलं, बेल वाजवली, आत आले आणि हळू आवाजात म्हटलं, "नमस्कार. बसू का जरा? तुमच्या मिसेस आल्या नाहीत वाटतं अजून?"

ह्यांच्या हातातला पेपर खाली पडला. माझ्याकडे बघितलं, मग सोफ्याकडे, मग परत माझ्याकडे. "अगं... तूच आहेस ना? मला परत तसं व्हायला लागलं का?"

"नाही हो, नाही! मीच आहे. गंमत केली."

"गंमत?" हे म्हणाले. आणि हात लांबवून माझी बाही चाचपली.

तेव्हापासून रोज सकाळी डोळे उघडले की आधी माझी बाही धरतात. "तूच ना गं?" मी म्हणते, "मीच." स्वयंपाकघरातून बाहेर आले की परत, "तूच ना?" दिवसातून दहा वेळा. मला बघून आता ह्यांना हायसं वाटत नाही, धास्ती वाटते.

काल तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "संशय अजून गेलेला दिसत नाही. गोळी थोडी वाढवू या. ग्लानी येईल, चालताना जपा." त्यांनी पेन उचललं.

"डॉक्टर, थांबा," मी म्हटलं. "हा आजार नाही. हे मी केलंय."

आणि सगळं सांगितलं. गोळी न दिलेले ते पाच दिवस, चौक, लेकीला मारलेली थाप, वाजवलेली बेल, सगळं. हे शेजारच्या खुर्चीवर माझी बाही धरून ऐकत होते. माझं सांगून होईपर्यंत ह्यांनी बाही सोडली होती.