जाणारीला वाट

“ओता की बाबा लवकर! नदीपेक्षा आम्हीच जास्त गारठलोय!”

डूगल पुलाच्या कठड्याला टेकून ओरडला आणि सगळे हसले. हेक्टर गननं मात्र घाई केली नाही. सॅमन धरण्याच्या हंगामाचा पहिला दिवस होता. टेकड्यांवर फेब्रुवारीचं बर्फ, पुलावर वीस-पंचवीस माणसं, आणि मधोमध व्हिस्कीचा पेला धरून उभा असलेला हेक्टर. फिनर नदीवरच्या गिलींमध्ये, म्हणजे पाहुण्यांना मासेमारीला नेणाऱ्यांत, तो सगळ्यांत जुना, म्हणून हा मान त्याचा. समुद्राकडच्या कठड्यावरून त्यानं अर्धा पेला पाण्यात ओतला.

“येणाऱ्यांनो, या.”

मग सावकाश पलीकडच्या कठड्याशी गेला. नदी डोंगरातून येते ती ही बाजू. उरलेला अर्धा पेला तिथं ओतला.

“जाणाऱ्यांनो, सुखानं जा.”

त्याचा बाप असंच म्हणायचा, बापाचा बापही. शब्द तेवढेच, आवाज बदलत गेले.

“एक घोट माझ्यासाठी ठेवला असता तर नदीचं काय बिघडलं असतं?” डूगल म्हणाला. तोही इथलाच गिली, हेक्टरहून बराच धाकटा, म्हणून त्याला बाबा म्हणायचा.

“तुझ्यासारखे दोघं असते, तर ही नदी माझ्या लग्नाआधीच आटली असती,” हेक्टर म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला.

गिलीचं काम असं की पाहुण्याला नदी दाखवायची. कुठल्या खडकाआड सॅमन विसावते, आज कुठल्या रंगाच्या पिसांचा गळ चालेल, हे सांगायचं. गळ बांधून द्यायचा, आणि मासळी दमली की हातजाळ्यात घ्यायची. काठी पाहुण्याची, मासळी पाहुण्याची. गिलीचे फक्त डोळे. आणि हेक्टरच्या डोळ्यांत गेले दोन हंगाम धुकं साचत चाललं होतं. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे रोखून पाहावं तेच नेमकं विरघळायचं. इन्व्हर्नेसच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, हे मोतीबिंदूसारखं काढता येणारं नाही, आतल्या पडद्याचं दुखणं आहे, सोसायचं फक्त.

हे माहीत होतं ते एका इशबेलला, त्याच्या बायकोला. तीस वर्षं ती खिडकीशी बसून पिसांचे गळ बांधत आली होती. कोंबड्याची मान, सोनेरी तितराची शेपूट, जरीची तार, सगळं त्या एवढ्याशा आकड्यावर. आकड्याच्या नेढ्यातून दोरा ओवणं हेक्टरला जमेना, तेव्हापासून ती प्रत्येक गळाला हातभर नायलॉनचा दोरा घरीच बांधून द्यायची आणि टोकाला एक कडी ठेवायची. नदीवर त्यानं फक्त कडीत कडी अडकवायची. कुणी विचारलंच, तर “थंडीत बोटं वळत नाहीत रे,” असं म्हणायचं.

“किती दिवस असं करायचं?” इशबेलनं एकदा विचारलं होतं.

“नदी ऐकू येते तोवर.”

त्यांचं घर नदीकाठी होतं, पण ते नदीच्या मालकाच्या इस्टेटीचं. नोकरी तोवर घर. पुढं वर रस्त्याच्या कडेला सरकारी घरं होती. ऊबदार, भिंती कोरड्या, नळाला गरम पाणी. पण तिथून नदी ऐकू येत नव्हती.

घंटेच्या डोहावर लॉरिमरबाई एकट्याच आल्या होत्या. सव्वीस वर्षं त्या नवऱ्याबरोबर यायच्या. नवरा एडिंबराचा दातांचा डॉक्टर, मोठा बोलका माणूस. दर वर्षी पहिल्या दिवशी म्हणायचा, “यंदा फेब्रुवारीची मासळी तुला देणार म्हणजे देणारच,” आणि दर वर्षी रिकाम्या हातानं सूप पीत बसायचा. ऑक्टोबरात तो गेला. बाईंच्या हातात आज त्याचीच काठी होती.

“जड आहे हो ही,” त्या म्हणाल्या.

“डॉक्टर पण तेच म्हणायचे. पण कबूल करायचे नाहीत.”

बाई हसल्या. हेक्टरनं कडीत कडी अडकवली आणि त्यांना पाण्यात उभं केलं. दोरी हवेतून गेली, पाण्यावर पडली, प्रवाहाबरोबर वळत वळत काठाशी आली. दोन पावलं खाली. पुन्हा. नदी बर्फाचं पाणी घेऊन काळीशार वाहत होती.

अकराच्या सुमाराला दोरी थांबली.

“हेक्टर—”

“ओढू नका! दोरी सोडा. वळू द्या तिला, घेऊ द्या तिला मनासारखं. आता... आता उचला काठी!”

काठी वाकली. बाईंच्या तोंडून लहान मुलीसारखा आवाज निघाला. मासळी एकदा डोहाच्या मध्याकडं गेली, एकदा खडकाकडं, आणि मग ओढीसरशी काठाकडं येऊ लागली. फारशी झुंजली नाही. गार पाण्यात सुस्तच असतात, हेक्टर मनाशी म्हणाला. पाण्यात रुपेरी काही चमकलं. त्यानं जाळं खाली घातलं, वर उचललं.

“ताजी आहे का हो?” बाईंनी विचारलं.

हेक्टरनं नजर तिच्यावर रोखली, आणि धुक्यानं तिला मधोमध पुसून टाकलं. कडेला तेवढी चांदी राहिली.

“कालच समुद्रातून आलीय, बाई. चांदीच आहे चांदी.”

कमरेला हरणाच्या शिंगाचा आखूड सोटा होता, बापाचा. एक घाव, दुसरा घाव. मासळी ताणली आणि निवली. बाईंनी हातमोज्यानं डोळे पुसले.

“त्यांना दाखवायला हवी होती,” त्या म्हणाल्या.

हेक्टरनं शेपटीच्या बेचक्यात धरून मासळी उचलली, आणि हात नको इतका सहज वर आला.

एवढ्या लांबीची ताजी सॅमन हाताला ओढते. ही ओढेना. तो गुडघ्यांवर बसला. अंगठा पोटावरून फिरवला. पोट मऊ, सैल, सुरकुतलेलं. बोट कल्ल्यांत घातलं, तर भाताच्या शितांसारखं काहीतरी बोटाला लागलं. किडे. नदीत महिनोन्‌महिने राहिलेल्या मासळीच्या कल्ल्यांत असतात ते. समुद्रातून काल आलेलीच्या नव्हेत.

रिती होती ती.

याच डोंगरातल्या गोट्यांत जन्मलेली पोर. बोटाएवढी असताना नदीनं तिला समुद्राच्या घरी धाडलं. बर्फाच्या देशापर्यंत गेली, तिथं वाढली, अंगानं भरली. आणि पोटात गाबोळी धरली, तशी पहिलटकरीण माहेराला निघते तशी निघाली. हजार नद्यांच्या मुखांवरून आपल्या एका पाण्याचा वास काढत. नदीत शिरल्यापासून अन्नाचा कण घेत नाही. धबधबे चढते, शेपटीनं गोटे उकरून खळगा करते, अंडी घालते, वर गोट्यांचं पांघरूण ओढते. बहुतेक तिथंच संपतात. शंभरात चार-दोन उरतात, त्या हिवाळाभर उपाशीपोटी डोहात पडून राहतात, अंगावर पुन्हा रुपेरी कळा धरतात, आणि वसंताआधी प्रवाहावर अंग सोडून समुद्राकडं परततात. त्यातली एखादी पुढल्या खेपेला पुन्हा माहेरी येते. म्हणून रितीला कुणी हात लावत नाही. कायदाही लावू देत नाही. पण कायद्याच्या आधीपासून हेक्टरच्या घरात म्हणायचे, बाळंतिणीची वाट अडवू नये.

सकाळीच त्यानं तिला व्हिस्की ओतली होती. सुखानं जा म्हणाला होता.

“बाई,” तो म्हणाला, “मी चुकलो. ही रिती आहे.”

बाई हळूच म्हणाल्या, “मला किडे दिसले होते, हेक्टर. तुम्ही सोटा उचलला तेव्हा.”

“मग बोलला का नाहीत?”

“सव्वीस वर्षं मासळी ओळखायची ती तुम्ही. तुम्ही ताजी म्हणालात. मला वाटलं, माझ्याच म्हाताऱ्या डोळ्यांना काहीतरी भलतं दिसतंय.”

बाईंनी दोष दिला असता तर सोसलं असतं. हे हेक्टरला सोसवेना.

तेवढ्यात काठाकाठानं डूगलची हाक आली. “बाबा! काठी वाकलेली दिसली लांबून! लटकवा खिळ्यावर, आलोच मी!”

पहिली मासळी काठावरच्या गिलींच्या झोपडीच्या दारावरच्या खिळ्याला टांगायची आणि सगळ्यांनी तिच्याखाली उभं राहून घोट घ्यायचा, ही या नदीची रीत. बाई खाली वाकल्या.

“वाळूत पुरू या,” त्या कुजबुजल्या. “मी सांगते, निसटली म्हणून. माझ्यासारखीच्या हातून निसटायचीच, कोण नाही म्हणेल?”

हेक्टरनं एकदा वर घराच्या दिशेला पाहिलं. घर दिसलं नाही, पण कुठं आहे ते ठाऊक होतं. धुराड्याचा धूर कुठं असेल, इशबेल कुठल्या काचेमागं बसली असेल.

“नको, बाई,” तो म्हणाला. “आज वाळू मिळेल. उद्याची कुठं पुरायची?”

डूगल धापा टाकत आला. पंचेचाळिशीचा गडी, तोंड सदाचंच हसरं. “कुठाय राणी? बघू तरी—” आणि थांबला. हेक्टरनं मासळी दोन्ही हातांवर घेऊन पुढं धरली होती.

“मी मारली,” हेक्टर म्हणाला. “बाईंचा काही दोष नाही. मला दिसली नाही.”

डूगलनं मासळीकडं पाहिलं, हेक्टरकडं पाहिलं. कुठला तरी विनोद त्याच्या तोंडावर येऊन परत गेला.

“कधीपासून, बाबा?”

“दोन हंगाम.”

“म्हणून ते घरून बांधलेले गळ.”

“हं.”

“मला वाटायचं, काकू लाड करतात.” डूगलनं टोपी काढली, पुन्हा घातली. “इस्टेटीच्या कारभाऱ्याला सांगायलाच पाहिजे का? मी आहे ना. तुमच्या डोहावर मी येऊन उभा राहत जाईन. काहीतरी निमित्त काढू.”

“तू एका वेळी दोन डोहांवर कसा उभा राहशील? एकावरच नीट उभा राहत नाहीस.”

डूगल कसंनुसं हसला. हेक्टरनं कमरेचा सोटा सोडला आणि मुठीची बाजू पुढं करून त्याच्या हातात दिला. मग पाण्यात उतरला, मांड्यांपर्यंत. मासळीचं तोंड समुद्राकडं केलं आणि हात काढून घेतले. प्रवाहानं तिला घेतलं. रुपेरी पोट एकदा वर झालं, मग ती डोहाच्या टोकाला वळून गेली. सकाळचे शब्द त्याच्या ओठांवर आले आणि तिथंच राहिले.

लॉरिमरबाई काठी उभी धरून, दोरी न गुंडाळता, मासळी वळली तिकडं बघत होत्या.

हेक्टर दुपारी घरी आला, तेव्हा इशबेल खिडकीशी गळ बांधत होती. तिनं त्याच्या भिजलेल्या पायांकडं पाहिलं, मग कमरेकडं.

“सोटा कुठाय?”

“डूगलकडं.”

तिच्या हातातला गळ अर्धाच बांधून झाला होता. तिनं तो पुरा केला. वरून गाठ मारली, गाठीवर लाखेचा थेंब सोडला, आणि वाळायला ठेवला. मग कपाटातून तंबाखूचे दोन पत्र्याचे डबे काढले. हंगामासाठी हिवाळाभर बांधून ठेवलेले गळ होते ते. ओळीनं लावलेले, प्रत्येकाला हातभर दोरा, दोऱ्याच्या टोकाला कडी.

“कारभाऱ्याकडं कधी जायचंय?”

“उद्या सकाळी.”

“मी येते.”

“तू कशाला?”

“रस्ता निसरडा आहे,” ती म्हणाली.

तिनं कात्री घेतली. एकेक गळ उचलायचा, नेढ्याशी दोरा कापायचा आणि गळ परत डब्यात ठेवायचा.

“डूगलला स्वतःची गाठ मारायला आवडतं,” ती म्हणाली.

कट्. दोरा टेबलावर पडायचा, कडीसकट. दोन कटांच्या मधे नदी ऐकू यायची. हेक्टरनं ओले बूट काढले, खुर्ची शेकोटीकडून वळवून खिडकीकडं केली, आणि बसला.