कूलरमधलं बिऱ्हाड

"शालू, हे कोनालेच पटनार नाही. पन आपल्या डोयानं पायलं मी."

मोतीबिंदूचं ऑपरेशन करून बायको त्या सकाळीच अमरावतीहून, लेक दीक्षाकडून परतली होती. अकोल्याच्या जठारपेठेत आमच्या घरामागं दहा-बारा फुटांचं अंगण आहे. तिथल्या पायरीवर ती आल्यापासून काळा चष्मा लावून बसली होती. मी दुपारी हिंमत करून बाजूला टेकलो. वनखात्याची जीप चालवण्यात माझी हयात गेली. सेमाडोहच्या जंगलातल्या वाघानं मला एकदा पंजा दाखवून लिफ्ट मागितली, हे मी सबंध मोहल्ल्याच्या गळी उतरवलेलं आहे. त्यामुळं सुरुवात जमली. पुढचं जड होतं.

तीन वर्षांपूर्वी शालूनं या अंगणातल्या फरश्या उपटल्या. कढीपत्ता लावला, जास्वंद लावली, बुलबुल यावेत म्हणून मातीच्या परातीत पाणी ठेवायला लागली. पहिल्या वर्षी फक्त कावळे आले. दुसऱ्या वर्षी कबुतरं.

"आमंत्रन कोनाले अन् येऊन कोन राहिलं!" मी चिडवायचो.

"येतीन," ती म्हणायची.

यंदा आली. खिडकीतल्या कूलरची वाळ्याची ताटी कोपऱ्यात फाटली होती. तिथून बुलबुलाची जोडी आत शिरली आणि कोरड्या टाकीच्या वर, पाण्याच्या नळीवर, वाटीएवढं घरटं बांधून मोकळी झाली. ताट्या बदलायला आलेल्या चंदनला शालूनं दारातूनच परत पाठवलं.

"काकू, कूलरात भाडेकरू ठेवले काय?" तो हसत गेला.

मग एप्रिल. आम्ही खिडकीला ओली चादर टांगून दुपारी काढल्या. डॉक्टरांची तारीख आली तेव्हा अंडी फुटून तीन पिल्लं बाहेर आली होती. जाताना शालूनं औषधाचं, दुधाचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "पिल्लं उडेपर्यंत कूलरले हात नोका लावू."

ती गेल्याच्या पाचव्या दिवशी पारा शेहेचाळीसवर. तिन्ही पिल्लं चोची वासून धापा टाकत होती. मी बटण दाबलं नाही. तेवढा शब्द पाळला. फक्त टाकीत दोन बादल्या पाणी ओतलं, खालून गारवा लागेल म्हणून. मला वाटलं, मला जे बरं वाटतं ते त्यांनाही वाटेल.

दुसऱ्या सकाळी घरटं रिकामं होतं. काठावर चढू लागलेली पिल्लं ती. कोरड्या पत्र्यावर पडली असती, तर आईनं तिथंही भरवलं असतं. मी तिघांना पाण्यातून काढून जास्वंदीखाली पुरलं आणि टाकी फडक्यानं पुसून काढली.

"बोला ना," शालू म्हणाली. "कोन पयले उडालं?"

"लहानं! ते थेट माह्या खांद्यावर. म्या म्हटलं, बाबू, हे काही झाड नाही. तर कानात चोच घालून मले काय बोललं असंन? मंग दोघं मोठे आले. तिघायनं तुह्या परातीत आंघोय केली अन् लायनीनं उडाले. त्यायची माय मागून आली, कढीपत्त्याचं पिकलेलं फळ माह्या हातावर ठेवून गेली."

"कोन्या दिशी?"

"परवा."

"तिघंई?"

"तिघंई."

कढीपत्त्याच्या फांदीवर बुलबुलाची मादी एकटी बसली होती. मी तिकडं पाहिलं नाही.

"उडालेलं पिल्लू पंधरा दिवस मायच्या मागं मागं फिरते," शालू म्हणाली. "खायाले मागते, कल्ला करते. मी सकायपासून इथं बसली. डोयानं अजून नीट दिसत नाही मले, कान हायेत. एक चिवचिव नाही." तिनं चष्म्यासकट तोंड माझ्याकडं वळवलं. "खोटं बोलून राहिले तुमी, दीक्षाचे बाबा."