सगुणाने टब हलवला

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा टब आहे. आंघोळीचा. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की पहिल्या चार ओळींतच गळा काढतात. मी काढणार नाही. मला न्हाणीतून बाहेर काढले, हे खरे आहे. पण ते कोणी काढले आणि का काढले, हे ऐकलेत तर तुम्हालाही माझी कीव येणार नाही.

माझा जन्म कुठल्या तरी थंड देशातल्या भट्टीत झाला. तिथून मला एका मालवाहू बोटीवर चढवले आणि कप्तानाच्या खोलीशेजारी बसवले. बाहेरून काळा, आतून दुधासारखा पांढरा, असा माझा थाट होता. मला रोज घासायला एक अठरा वर्षांचा नवा खलाशी यायचा. तो रत्नागिरीच्या मांडवीतला गंगाराम. घासता घासता एकदा तो दमून माझ्या कडेवर क्षणभर टेकला. नेमका कप्तान आत आला. त्याने गंगारामला साऱ्या लोकांसमोर उभे करून विचारले, हा टब तुझ्या बापाचा आहे का? गंगाराम खाली मान घालून उभा राहिला. पण त्याच्या मनाने ती गोष्ट सोडली नाही.

वीस-बावीस वर्षे गेली. गंगाराम बोटी बदलत खलाशाचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, झाला. पुढे माझी बोट मोडीत निघाली आणि मुंबईला दारूखान्यात, जिथे जुन्या बोटी फोडतात तिथे, मी भंगारात उपडा पडलो. गंगारामला बातमी कळली, तसा तो मला शोधत आला. आंब्याच्या पेट्या मुंबईला उतरवून रिकामा परतणारा एक ट्रक त्याने गाठला, मला त्यात घातले आणि थेट मांडवीला आणले. घराचे बांधकाम तेव्हा चालूच होते. मला आधी जागेवर बसवले आणि मग माझ्याभोवती चिऱ्याच्या भिंती उभ्या राहिल्या. दार अरुंद ठेवले. मला पुन्हा कधी बाहेर जावे लागेल, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

गंगारामाच्या न्हाणीत होडी आली, असे म्हणत अर्धी मांडवी मला बघायला आली. गंगाराम ऐटीत सांगायचा, जो टब मी घासला त्यात आता माझी बायको बसेल. त्याच्या बायकोने, सगुणाने, मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले. आपल्याच अंगाचा मळ पाण्यात घेऊन बसायचे, ही कसली आंघोळ, असे ती म्हणाली. ती माझ्यात कधीच बसली नाही. माझ्यात बादली ठेवायची, उभी राहायची आणि तांब्याने पाणी घ्यायची. चाळीस वर्षे तिने तसेच केले. गंगाराम मात्र बोटीवरून सुट्टीवर आला की हंडाभर कढत पाणी ओतून तासभर माझ्यात पडून राहायचा.

त्या वर्षांत मी खूप काम केले. मे महिन्यात नळ कोरडे पडले की मी गळ्यापर्यंत भरलेला असायचो, आणि आळीतल्या बायका माझ्यातून कळशी कळशी पाणी न्यायच्या. गोधड्या माझ्यात भिजल्या. गंगाराम-सगुणाचा मुलगा संदेश माझ्यात बसून खेळातला नावाडी झाला. माझी स्तुती करणारे पुष्कळ होते. माझी कड दोन फूट उंच आहे, हे तेव्हा कोणाला जाणवले नाही.

माणसांचे गुडघे म्हातारे होतात, टबाची कड होत नाही. सगुणा सत्तरीच्या पुढे गेली, तशी ती एक हात भिंतीवर ठेवून पाय उचलू लागली. मग दोन हात. मग आधी कडेवर बसून एकेक पाय आत घेऊ लागली. मला सगळे कळत होते. मी काहीच करू शकत नव्हतो.

दोन वर्षांपूर्वी माघातल्या एका सकाळी तिचा ओला पाय माझ्या कडेला अडकला आणि ती बाहेरच्या फरशीवर पडली. खुब्याचे हाड मोडले. गंगाराम मासळी आणायला मिरकरवाड्याला गेला होता. सगुणा ओरडली, पण आवाज दाराबाहेर जाईना. तेव्हा तिने हाताशी आलेला पितळी तांब्या घेतला आणि माझ्या अंगावर हाणायला सुरुवात केली. मी बिडाचा. देवळातल्या घंटेसारखा वाजलो. शेजारची कमळा आगरात फुले काढत होती, ती धावत आली. मित्रांनो, सगुणाला मीच पाडले आणि तिची हाकही मीच पोचवली. यातले पहिले मी लपवणार नाही आणि दुसरे विसरणार नाही.

शहरातल्या इस्पितळात तिचे ऑपरेशन झाले. संदेश पनवेलहून आला. तो वाईट मुलगा नव्हे. आईच्या उशाशी तीन दिवस बसला, आणि चौथ्या दिवशी म्हणाला की आता दोघांनी पनवेलला यायचे. तिथे लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे, हाकेला माणूस आहे. घर काय, कुलूप लावून ठेवता येईल.  सगुणाने पडल्या पडल्याच उत्तर दिले. मला ते पुढे कमळाने भिंतीपलीकडून दहा जणींना सांगताना ऐकू आले.

"पडले मी. घर नाय पडलं."

शेवटी असे ठरले, की गणपतीला संदेश येईल तोवर आईला आपली आंघोळ आपली आपण करता आली तर ठीक. नाही आली, तर तो तिला घेऊन जाईल. सगुणाने ते मान्य केले.

घरी आल्यावर कमळा तिचे अंग ओल्या फडक्याने पुसून द्यायची. कमळा प्रेमाने करायची. सगुणा भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

तिला चालायला शिकवायला अक्षया नावाची फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. एके दिवशी ती न्हाणीत आली, माझ्या कडेवर हात ठेवून उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "आजोबा, हा टब इथे असेपर्यंत आजींना ह्या न्हाणीत मी एकटं सोडणार नाही." तिचे म्हणणे होते, टब काढून सपाट न्हाणी करावी, उंबरठा नको, फरशी खरखरीत हवी, पाणी एका बाजूला उतरायला हवे. भिंतीला दांडे हवेत, बसायला भिंतीला दुमडणारी बैठक हवी आणि हातात धरता येईल असा शॉवर हवा. दारही रुंद करायला हवे, वॉकर जाईल इतके.

गंगाराम उठून बाहेर गेला. दोन दिवस तो अक्षयाशी बोलला नाही. मी त्याच्याच बाजूचा होतो, आणि खूश होतो. मनात म्हटले, मला काढून दाखवा! माझे वजन माहीत आहे का? मी चिऱ्यांच्या आत बसलेला आहे, मला हलवणारा अजून जन्माला यायचा आहे.

तिसऱ्या दिवशी सगुणाने त्याला खाटेजवळ बोलावले. न्हाणीचे दार उघडेच होते.

"तुमी टब आणलात तवा मी नाय म्हटलं नाय," ती म्हणाली. "तुमचा मान होता त्यात. मला ठाव होतं. आता माझा मान हाय. मला माझं अंग माझ्या हातानं धुवायचंय."

गंगाराम उठला. तो न्हाणीत आला. माझ्या कडेला धरून त्याने आपला पाय उचलून बघितला. पाय कडेपर्यंत आला आणि थांबला. त्याचेही वय झाले होते, ब्याऐंशी. तो तसाच थोडा वेळ एका पायावर उभा राहिला, मग पाय खाली ठेवला आणि रावजी गवंड्याला फोन लावला.

रावजीने मला बघून डोके खाजवले. दारातून हा निघायचा नाही, घणाने फोडून तुकडे करून नेऊ, असे तो म्हणाला. त्याने घण उचललाही. तेवढ्यात वॉकर टेकत टेकत, घामाघूम होऊन सगुणा दारात आली. अंथरुणातून ती एकटी एवढी चालत आली, ही पहिलीच वेळ.

"त्याला फोडायचा नाय," ती म्हणाली. "दार मोठं करायचंच हाय नं? मग भिंत फोडा. तो सगळाच्या सगळा बाहेर जाऊ दे."

भिंत फोडली. सहा माणसांनी मला बांबूंवर घेतले. मी माझे सगळे वजन खाली टाकले, हे कबूल करतो. एकाचा पाय घसरला, एकाने मला आईवरून शिवी दिली. पण मी निघालो. घरामागच्या परड्यात, न्हाणीच्या खिडकीखाली मला ठेवले, तिथेच मी अजून आहे.

तिथून मी सगळे ऐकले. अक्षयाने दांड्यांची उंची पुस्तकातून घेतली नाही. सगुणाला बैठकीच्या जागी खुर्चीवर बसवले, डोळे मिटून हात टाकायला सांगितले, आणि हात जिथे पडला तिथे खडूने खूण केली. संदेशने फोनवर कामाचे फोटो पाहिले. घराचे इस्पितळ केलेत, असे तो म्हणाला. गंगारामला कमी ऐकू येते, म्हणून तो फोनवर मोठ्यानेच बोलतो.

"बोटीवर भिंतीभिंतीला दांडे असतात," तो म्हणाला. "तिथं काय सगळे आजारी असतात? समुद्र हलतो म्हणून असतात. आता आमची जमीन हलते."

सगुणाने आधी कोरड्या न्हाणीत सराव केला. बसायचे, उठायचे, वळायचे. मग अक्षयासमोर, पाणी घेऊन. दोनदा ती रागावली, एकदा रडली, पण एक दिवसही चुकवला नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी संदेश आला. सगुणा वॉकर घेऊन न्हाणीत गेली. दार लोटून घे पण कडी लावू नकोस, असे त्याने सांगितले. तिने कडी लावली. ती बाहेरूनही उघडता येईल अशी अक्षयाने बसवून घेतली होती, पण हे संदेशला माहीत नव्हते. तो आधी दाराशी उभा राहिला, मग परड्यात येऊन माझ्या शेजारी, खिडकीखाली थांबला. आत पाणी पडत होते. मग पाणी थांबले. बराच वेळ काहीच ऐकू येईना. संदेशचा चेहरा उतरला.

"आई?" त्याने हाक मारली. उत्तर नाही. "आई, काय झालं?"

"अंग पुसते हाय," आतून आवाज आला. "तुझी गाडी चुकतेय काय?"

संदेश हसला, आणि हसता हसता त्याने तोंड फिरवून डोळे पुसले. ते फक्त मी पाहिले.

ती बाहेर आली ती ओल्या केसांनी, धुतलेले लुगडे नेसून. पनवेलचा विषय तो काढील, म्हणून तिने त्याला वेळच दिला नाही. उद्याच्या मोदकांसाठी खोबरे खवायचे आहे, विळीवर बस, असे सांगितले. तो बसला. संध्याकाळी तो एकटाच न्हाणीत गेला आणि प्रत्येक दांड्याला आपले सगळे वजन देऊन लोंबकळून आला. एकही दांडा हलला नाही. पनवेलला परत निघाला, तो एकटाच.

मित्रांनो, मी परड्यात आहे. एक भंगारवाला मला मागून गेला, सगुणाने त्याला पाणी पाजून परत पाठवले. माझ्या आतला पांढरा रंग उडतो आहे. दुपारी कधी कधी गंगाराम अंगावरच्या कपड्यांनिशी माझ्यात बसून पेपर वाचतो आणि सगुणा खिडकीतून त्याला नावे ठेवते. रोज सकाळी तिच्या आंघोळीचे पाणी माझ्या शेजारून वाहत अळवाला जाते. त्या पाण्याचा आवाज ऐकला, की आपण हरलो असे मला मुळीच वाटत नाही.

तुमच्या घरी आजी असतील, आजोबा असतील. त्यांचे पाऊल कुठे अडखळते ते बघा. उंबरठा असेल, गुळगुळीत फरशी असेल, माझ्यासारखी एखादी मानाची वस्तू असेल. त्यांना आधी विचारा आणि ती काढा. ती कितीही जड असू दे, कितीही जुनी असू दे, भिंत फोडावी लागली तर फोडा. पण ज्या माणसाने ते घर उभे केले, त्याच्या हातात बॅग देऊ नका. घरातले काही हलवायचेच असेल, तर आम्हाला हलवा.