मोठं दालन थोरलीला

चित्रसंग्रहालयात तिला सगळे तारीखबाई म्हणत. कोणतं प्रदर्शन कधी लागणार, कधी उतरणार, कुठल्या पेट्या कुठल्या दाराने आत येणार, हे सगळं तिच्या डोक्यात. पुढच्या वर्षाची आखणी जवळ आली की घरी नवरा तीनदा हाक मारायचा, तेव्हा ती एकदा 'ओ' द्यायची.

त्या वर्षीच्या बैठकीत संचालक, म्हणजे सर, नेहमीसारखे भराभर बोलत होते. सुरुवातीला काचकाम, मग जुनी व्यक्तिचित्रं, मधे दुरुस्तीसाठी वरचा मजला बंद. शेवटी डोळे चोळत ते म्हणाले, "आणि वर्षअखेरीला मोठं दालन थोरलीला." एवढं बोलून उठले आणि गेले.

थोरली म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. सरांना मधे कोणी तोंड घातलेलं खपत नसे. तारीखबाईला वाटलं, बाकीच्यांना माहीत असेल. बाकीच्यांना वाटलं, तारीखबाईला तर माहीत असणारच. सगळे माना डोलावून चहाला गेले.

दोन दिवसांनी सर घरी आंघोळ करताना कोसळले. मेंदूत गुठळी झाली होती. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली.

पहिले काही दिवस काळजीतच गेले. मग विश्वस्तांच्या अध्यक्षांचा फोन आला. "वार्षिक पुस्तिका छपाईला जायचीय. वर्षअखेरीला काय आहे?"

"सरांच्या मनात काहीतरी होतं," तारीखबाई म्हणाली.

"मनातलं छापता येत नाही, बाई."

तिने एकेकाला गाठलं. चित्रं टांगणारे खिळेकाका म्हणाले, "तळघरात ती दगडी बाई आहे ना, नाक तुटलेली? आम्ही तिला थोरलीच म्हणायचो. उचलताना माझी कंबर गेली होती." ग्रंथपालांच्या मते तो एखाद्या चित्रमालिकेचा पहिला भाग असावा. हिशेबनीस म्हणाले, सर 'थोडी' म्हणाले असतील, थोडी चित्रं. जितकी तोंडं तितक्या थोरल्या. तारीखबाईचं डोकं भणभणायला लागलं.

शेवटी ती रुग्णालयात वहिनींकडे, म्हणजे सरांच्या बायकोकडे गेली. सर झोपले होते. वहिनी बाहेर बाकावर पाय सोडून बसल्या होत्या.

"थोरली?" वहिनी चपापल्या. "ह्यांची मोठी बहीण. घरात सगळे थोरलीच म्हणतात तिला. पण ते तिचं नाव काढतील असं मला वाटत नव्हतं गं."

"का?"

"बोलत नाहीत एकमेकांशी. हे संचालक झाले तेव्हा घरी चहापान होतं. कुणीतरी विचारलं, बहीण काय करते? हे म्हणाले, शिवण शिकवते. ती मागेच उभी होती."

"आणि खरं काय करत होती?"

"फोटो स्टुडिओ होता तिचा. फोटोत माणसांच्या मागे दिसतात ते पडदे स्वतः रंगवायची."

तारीखबाईला एकदम हलकं वाटलं. पडदे मोठे, म्हणून दालन मोठं. भावाला उशिरा का होईना, चूक उमगली असणार. सगळं कसं जागच्या जागी बसत होतं.

थोरली नदीपलीकडच्या जुन्या बाजारात राहायची. खाली बंद पडलेला स्टुडिओ, वर एक खोली. दार उघडलं ते अर्धंच.

"तो आजारी आहे ते कळलंय मला," ती म्हणाली. "भेटायला चल म्हणून आली असशील, तर आल्या वाटेनं जा."

तारीखबाईने येण्याचं कारण सांगितलं.

"कोण म्हणालं? तो?"

"हो. भर बैठकीत."

"मोठं दालन?"

"मोठं दालन."

"मेल्याला आत्ता सुचलं," असं म्हणून तिने दार पूर्ण उघडलं, आणि पदराने डोळे पुसायच्या ऐवजी खुर्ची पुसली.

पडदे गुंडाळून भिंतीशी उभे केले होते. दोघींनी मिळून एकेक उलगडला. एकावर तळं होतं, एकावर खांबांचा सज्जा. एकावर रुंद पायऱ्या होत्या. वर जाता जाता त्या धुक्यात संपत होत्या, पुढे दार नाही, घर नाही. खालची कड माणसांच्या पायांनी काळी पडलेली. तारीखबाई त्या पायऱ्यांकडे बघत राहिली. हे चांगलं आहे की वाईट, तिला ठरवता येईना. इतकी वर्षं संग्रहालयात काढून हेही सांगता येऊ नये, याची तिला लाजच वाटली.

"पायऱ्या कुठे जातात?" तिने विचारलं.

"कापड संपलं," थोरली म्हणाली.

पुस्तिका छापून आली. वर्षअखेरीच्या पानावर पायऱ्यांचा फोटो होता, कोपऱ्यात थोरलीचा लहानसा. अध्यक्षांना पायऱ्यांचा फोटो पसंत पडला, कारण त्यांच्या आईवडिलांचा लग्नानंतरचा फोटो म्हणे अशाच कुठल्याशा पायऱ्यांसमोर होता.

तोवर सर घरी आले होते, एखाददुसरा शब्द बोलायलाही लागले होते. तारीखबाई पुस्तिका घेऊन हौसेने त्यांना भेटायला गेली. सर खिडकीशी बसले होते. तिला बघून हसले आणि पाण्याच्या पेल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "थोरली."

वहिनींनी पेला दिला. मग सरांनी चपलांकडे बोट दाखवलं. "थोरली." मग पंख्याकडे. "थोरली, थोरली."

"आल्यापासून हेच चाललंय," वहिनी म्हणाल्या. "काही म्हणायचं असलं की हाच शब्द बाहेर पडतो."

बोलण्याचे व्यायाम शिकवणारी डॉक्टर तिथेच होती. ती म्हणाली, "अशा आजारात एखादा शब्द जिभेला चिकटून बसतो. कधी कधी झटका यायच्या आधीच शब्दांची अदलाबदल सुरू होते. घरच्यांच्या लक्षात येत नाही."

वहिनींनी कपाळाला हात लावला. "बैठकीच्या सकाळी मला म्हणाले होते, थोरलीला इस्त्री केलीस का? मला वाटलं, थट्टा करतायत. मी शर्ट दिला."

तारीखबाईने ती बैठक मनातल्या मनात पुन्हा आठवली. म्हणजे मोठं दालन कुणाला? दगडी बाईला? काचकामाला? की शर्टाला? तिने पुस्तिका उघडून थोरलीचा फोटो सरांसमोर धरला. सरांनी तो डाव्या हाताने जवळ ओढला. डोळे भरून आले, ओठ हलले, आणि खूप कष्टाने ते म्हणाले, "चमचा."

"म्हणजे काय?" तारीखबाईने डॉक्टरकडे पाहिलं.

"काहीही असेल," डॉक्टर म्हणाली. "ओळखलंय नक्की. पुढचं मी सांगू शकत नाही."

अध्यक्षांना तिने सगळं सांगितलं. ते म्हणाले, "छापून झालंय ना? मग झालं." पण तिला स्वस्थ बसवेना. नवरा म्हणाला, "म्हातारी खुश आहे, कशाला तिच्या सुखात माती कालवतेस?" तेही पटत होतं. तरी रविवारी ती नदीपलीकडे गेलीच.

थोरलीने तळ्याचा पडदा दोरीवर टाकला होता आणि मऊ ब्रशने धूळ झाडत होती. तारीखबाईने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पेला, चपला, पंखा, इस्त्री, सगळं. चमचाही.

ब्रश थांबला. "म्हणजे त्यानं बोलावलंच नाही?"

"माहीत नाही, ताई. खरंच माहीत नाही. बोलावलं असेलही."

"मग मला बोलावलं कोणी?"

तारीखबाई गडबडली. असा विचारच तिने केला नव्हता. "मी, बहुतेक."

"बहुतेक?"

"मी."

"तुला आवडली का माझी कापडं?"

"तेही नीट सांगता येत नाही. पण पायऱ्यांचं डोळ्यांसमोरून जात नाही. जेवतानाही दिसतं."

थोरलीने तिच्याकडे निरखून पाहिलं. रागावली होती की काय, चेहऱ्यावरून काही कळेना. मग तिने पडद्याचं दुसरं टोक तारीखबाईच्या हातात दिलं. "धर घट्ट. घडी पडली तर रंग सुटतो. आणि ऐक, बोर्डावर त्याचं नाव घालायचं नाही. भावाच्या कृपेनं वगैरे काही नको."

वर्षअखेरीला मोठं दालन उघडलं. लोकांनाही नेमकं काय बघायचं ते कळत नव्हतं. काही हळूच पुढे होऊन पडद्यासमोर उभे राहत, केस नीट करत, मग ओशाळून बाजूला होत. खिळेकाका आधी त्यांना हटवत होते. नंतर त्यांनी नाद सोडला आणि स्वतःच बायकोला तळ्यासमोर उभं केलं.

वहिनी सरांना चाकाच्या खुर्चीवर घेऊन आल्या. थोरली पायऱ्यांच्या पडद्यापाशी उभी होती, ती जागची हलली नाही. वहिनींनीच खुर्ची तिथवर नेली. भावाने मान वर करून पडदा पाहिला, कितीतरी वेळ. मग बहिणीचा हात ओढून तिला खाली वाकवलं आणि तिच्या कानाशी बोलत राहिला. एक शब्द नव्हे, चांगलं लांबलचक काहीतरी. थोरली मान डोलावत होती, मधेच "हं, हं" म्हणत होती. तारीखबाईला जवळ जाण्याचा धीर होईना आणि दूरही जाववेना.

खुर्ची पुढे सरकल्यावर तिने न राहवून विचारलं, "काय म्हणाले?"

"काय की," थोरली म्हणाली. "लहानपणीही भरभर बोलायचा. मी नुसतं हो म्हणायची."

"पण काहीतरी कळलं असेल ना?"

"तू बस जरा," थोरली म्हणाली, "सकाळपासून उभी आहेस," आणि पडद्याची एक बाजू खाली झुकलीय म्हणून खिळेकाकांना हाका मारत निघून गेली.