ताम्रनाथांचा निळा उजेड

बाजाराच्या दिवशी लोहाऱ्यात भाजीपेक्षा जास्त गर्दी ताम्रनाथ महाराजांच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. खिडक्यांना काळं कापड, आत अंधार. महाराज प्रत्येकाच्या नावानं काचेची एक नळी उचलत, कधी समोरच्या ताटातली, कधी शेजारच्या घागरीतली. नळीत पांढरी पूड, तिचं नाव 'ताम्रभस्म'. तिच्यावर ते 'शिवनेत्र' म्हणून एक बॅटरी मारत. पूड पिवळी उजळली की माणूस निर्मळ, निळी उजळली की करणी. चपलांचा दुकानदार रेवणसिद्ध पिवळा निघाला, तर त्यानं तिथल्या तिथं पेढे वाटले.

शांतलिंग आणि त्यांची बायको मल्लम्मा सून शुभांगीला घेऊन आले होते. ती घरात आल्यापासून बोअरची मोटार दोनदा जळली होती आणि म्हैस गाभण राहत नव्हती.

महाराजांनी भगव्या कापडात गुंडाळलेल्या घागरीत चिमटा घातला. पांढरी वाफ उसळली.

"कैलासाचा श्वास हाय हा. पापी माणसाची चामडी जाती," असं बजावत त्यांनी नळी काढली. ती निळी उजळली. बायका मागं सरकल्या.

"म्हंजी मोटार हिनं जाळली?" शांतलिंगांनी विचारलं.

"हिच्यातल्या वाऱ्यानं. म्हशीला बी त्योच आडवा येतो."

महाराजांनी डमरू वाजवला. नळी हळूहळू पिवळी झाली. "आत्ता उतरलं, पर पुन्हा चढंल. हिला माहेरी धाडा."

मल्लम्मानं लगेच बाहेरच्या जीपवाल्याला थांबायला सांगितलं. शुभांगी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

तिच्यासोबत शिवप्रिया मॅडम आल्या होत्या. त्यांनी तिला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं होतं. त्या पुढं झाल्या.

"महाराज, या प्लास्टिकच्या खुर्चीचं बघायचंय. हिच्यावरून दोघं पडलेत."

"निर्जीवाला बाधा नसती."

"मग पिवळीच निघेल."

मॅडमनी स्वतःच चिमट्यानं घागरीतली नळी काढली आणि बॅटरी मारली. खुर्चीला कडक करणी झालेली होती. खुर्चीजवळचे लोक लांब झाले.

"डमरू राहू द्या. चहा सांगा कुणीतरी," मॅडम म्हणाल्या.

चहा येईपर्यंत खुर्चीची करणी उतरली, नळी पिवळी झाली. मग मॅडमनी रेवणसिद्धची निर्मळ नळी घागरीत बुडवून काढली. ती निळी.

"आवो, माझे पेढे वाटून झाले की," रेवणसिद्ध कळवळला.

मॅडमनी घागरीवरचं कापड ओढलं. शांतलिंग वाकून बघत म्हणाले, "ही तर रेतनाची टाकी. आमच्या म्हशीसाठी डॉक्टर हीच आणत्यात."

"हो. तिच्यात द्रव नायट्रोजन असतो, बर्फाहून कितीतरी गार. उघडला की वाफ निघते आणि हात भाजल्यासारखा पोळतो, पुण्यवानाचाही." मॅडमनी नळी वर धरली. "यातही भस्म नाही. तांब्याचे चार अणू, आयोडिनचे चार, मिळून ठोकळ्यासारखा पिंजरा. तांब्याच्या प्रत्येक कोपऱ्याला पिरिडीन नावाच्या रसायनाचं एक कडं. ही नोटा तपासायची बॅटरी आहे. तिचा न दिसणारा उजेड ही पूड शोषते आणि दिसणारा बाहेर टाकते. साध्या उबेत तो पिंजऱ्यातून येतो, म्हणून पिवळा. खूप गार केलं की ती वाट बंद होते आणि कड्यांच्या वाटेनं निळा येतो. ऊब लागली की पुन्हा पिवळा. माणूस शेजारी असो नाहीतर खुर्ची."

लोकांनी महाराजांकडं पाहिलं. त्यांनी समाधी लावली होती. उजवा हात मात्र खिशात मोटारसायकलची किल्ली चाचपत होता.

शांतलिंग बायकोला म्हणाले, "चला, झालं. सूनबाई, तू बी चल."

शुभांगी जागची हलली नाही.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "मोटार का जळली, ते मेकॅनिकला इचारायचं. म्हशीचं डॉक्टरला इचारायचं. आन् माझ्या मनात काय हाय, ते मला इचारायचं. तुमी समदं एका नळीला इचारलं."

मल्लम्मा सुनेशेजारी येऊन बसली. बाहेर जीपचा हॉर्न वाजत होता.

"जाऊ दे त्याला," ती म्हणाली. "आता इचारते. सांग."