चेंबरचा नट

धाडच्या वंदनाने गाडी घेतली तेव्हा गावातल्या निम्म्या लोकांना वाटलं, ही बाई चार दिवसांत ती कुठल्यातरी नाल्यात घालणार. नवरा दयाराम तर स्टेअरिंगला हात लावायलाही घाबरायचा. पण वंदना नेटाने शिकली. रोज सकाळी मागच्या सीटवर ढोबळी मिरचीची क्रेटं टाकून ती बुलढाण्याला जाऊ लागली. तिची स्वतःची गिऱ्हाइकं झाली, घराला जरा बरे दिवस आले.

गाडी आधी उंद्रीच्या भगवानरावांची होती. डोळ्यांना कमी दिसायला लागलं म्हणून डॉक्टरांनी त्यांचं ड्रायव्हिंग बंद केलं, नाहीतर त्यांनी ती विकलीच नसती. चावी हातात देताना ते म्हणाले होते, "बाई, ऑइल घरीच बदलत जाजो. सोपं हाय."

म्हणून एका दुपारी वंदना गाडी जॅकवर चढवून, पाना घेऊन खाली शिरली. इंजिनाच्या तळाशी, ऑइलच्या चेंबरला एक नट असतो. तो काढला की जुनं ऑइल खाली येतं. एवढंच करायचं होतं. पण नट काही केल्या हलेना. तिने पान्याच्या दांड्याला लोखंडी पाइप लावला आणि अंगातला सगळा जोर काढून ओढलं. पाना कचकन निसटला, तिच्या बोटांची सालं निघाली. टॉर्च लावून बघते तर नटाचे सगळे कोपरे घासून गोल झालेले.

गावातला मेकॅनिक लग्नाला निघाला होता. त्याने उभ्याउभ्याच वाकून पाहिलं. "वहिनी, नट गेला. आता चेंबरच बदलावं लागीन. पार्ट बाहेरून येईन. आठ दिवस तरी गाडी उभी ठेवा."

आठ दिवस! शेतात शेडनेटच्या जाळीखाली मिरची तोडणीला आली होती. दयाराम एका शब्दाने तिला बोलला नाही. त्याने हळद आणून तिच्या बोटांवर लावली आणि म्हणाला, "उंद्रीच्या काकाले फोन करून तं पाय."

त्याचीच तर लाज वाटत होती. लेकरासारखी सांभाळलेली गाडी त्या माणसाने भरवशाने दिली, आणि आपण हे करून ठेवलं. तरी तिने फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगून टाकलं.

"हाताले लय लागलं का वं?" भगवानरावांनी विचारलं.

"नाई काका, थोडंसंच."

"मंग झालं तं. उद्या येतो मी."

दुसऱ्या दिवशी चिखलीला एसटी बदलून ते धाडला उतरले. डोळ्यांवर काळा चष्मा, खांद्यावर हत्यारांची जड पिशवी. दयाराम ती घ्यायला पुढे झाला तर देईनात. अंगणात आल्यावर त्यांनी आधी गाडीच्या टपावरून हात फिरवला. मग खाली बसून जॅक चाचपला.

"नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाई, बाई. जीव जाते." त्यांनी दयारामकडून लाकडाचे दोन जाड ओंडके मागवून गाडीखाली घातले, पोतं अंथरलं आणि आडवे झाले. नट बोटाने चाचपत राहिले. वंदना टॉर्च धरून शेजारी बसली होती.

"कोपरे गेले, पन आटे शाबूत असतीन," ते म्हणाले. "हातात ताकद हाय बाई तुह्या!"

वंदनाला कालपासून पहिल्यांदा हसू आलं.

इंजिन थोडा वेळ चालवून गरम केलं. मग भगवानरावांनी मापापेक्षा जरा लहान गोटी, म्हणजे पान्याचं सॉकेट, नटावर हातोड्याने ठोकून बसवली आणि पाना फिरवला. गोटी घसरली. पुन्हा ठोकली, पुन्हा घसरली. ते बाहेर आले, चष्मा काढून डोळे पुसले. चेहरा उतरला होता.

"छन्नीनं फिरवावं लागीन. पन मले टोक दिसत नाई. हातोडा तू मार."

"मी? तुमच्या हातावर बसला तं?"

"बसला तं बसला. माह्याजवळ अजून नऊ बोटं हायेत."

दोघं गाडीखाली शेजारीशेजारी झोपली. त्यांनी छन्नीचं टोक नटाच्या कडेवर टेकवून घट्ट धरलं. पहिले घाव वंदनाने भीतभीतच घातले. "जोरात," ते म्हणाले. कडेवर खाच पडली. मग त्यांनी छन्नी तिरपी केली, नट डावीकडे फिरेल अशी. "आता मार. थांबू नको."

तिने मारलं. पुन्हा मारलं. हात भरून आला, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला.

"थांब!" भगवानरावांनी नटावर बोट ठेवलं. "हालला."

तिला काहीच दिसलं नव्हतं. पण पुढच्या दोन घावांत नट खरंच सैल झाला, बोटांनी फिरू लागला, आणि काळंभोर कोमट ऑइल घमेल्यात धो धो पडलं. थोडं तिच्या बाहीवरही आलं. वंदना तिथेच पडल्यापडल्या हसली, आणि हसताहसता डोळे भरून आले.

भगवानरावांनी पिशवीतून नवा नट आणि तांब्याचं वायसर काढलं. आटे चांगले होते. नट कसताना त्यांनी तिचा हात मध्येच धरला. "बस. एवढंच. जास्त कसला की पुढच्या वेळेस असाच रडवते." मग तिने वरून नवं ऑइल भरलं.

जेवणात वंदनाने ढोबळी मिरचीची पीठ पेरून भाजी केली, गरम भाकरी वाढली. परतीच्या एसटीचं नाव तिने काढू दिलं नाही. ती स्वतः गाडीने त्यांना उंद्रीला सोडायला निघाली. भगवानराव डावीकडच्या सीटवर बसले. बराच वेळ इंजिनाचा आवाज ऐकत होते.

"काका, तुमचे उपकार कसे फेडू?" तिने विचारलं.

"अवं, उपकार तं तुहे हायेत. डोये गेल्यापासून घरात सारे म्हनतात, तुमी बसा, तुमी राहू द्या. काल तुहा फोन आला आन् मी रातभर पाने पुसत बसलो." त्यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला. "कोनाच्या तरी कामी आलो नं मी."

वंदनाने नुसती मान हलवली. मग लक्षात आलं, त्यांना ते दिसलं नसणार, म्हणून मोठ्याने म्हणाली, "हाव, काका."

उंद्रीत गाडीचा आवाज ऐकून त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. वंदनाने मिरचीची थैली पुढे केली, ती त्यांनी ओट्यावर ठेवली आणि सरळ गाडीचं मागचं दार उघडून आत बसल्या.

"चहा मंग घेऊ," त्या म्हणाल्या. "आधी गावातून एक चक्कर मार, पोरी. लय दिवस झाले गाडीत बसून."

वंदनाने हसून गाडी वळवली.